आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?



आज आम्ही तुमच्यापुढे एका लहानशा वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती वस्तू मुठीत मावते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. तिला डबी म्हणा, बाटली म्हणा, नाहीतर नळी म्हणा. तिच्यात आपण बेडका देतो, लघवी देतो. कधी दवाखान्यातील ताई आपल्या हातातून रक्त काढतात आणि तिच्यात भरतात. ह्याला तपासणीचा नमुना म्हणतात.

"हात्तिच्या! त्यात बोलण्यासारखं काय आहे?" असे कोणी म्हणेल. डबी दिली, संपले. पुढचे काम डॉक्टरांचे आणि यंत्राचे. आपण कशाला डोके चालवायचे?

मंडळी, तेथेच घोटाळा आहे. यंत्र कितीही मोठे असो, त्याला रोगी दिसत नाही. त्याला फक्त डबी दिसते. डबीत जे आहे तेवढेच ते सांगते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ही म्हण आपल्या आजीला ठाऊक होती. आज ती आपण दवाखान्यात न्यायची आहे.

शेतकऱ्याला हे कळते

तुमच्यापैकी पुष्कळांनी माती तपासायला दिली असेल. माती कशी घ्यायची, हे कृषी सहायक सांगतात. बांधाजवळची घ्यायची नाही. झाडाखालची घ्यायची नाही. उकिरड्याजवळची घ्यायची नाही. रानात आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा करायचा. सगळीकडची माती थोडी थोडी घ्यायची, एकत्र कालवायची, सावलीत वाळवायची. मग त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली, तर काय होईल? खताचे कण मातीत मिसळतील. कागदावर येईल, "जमीन सकस आहे." आपण खत घालणार नाही. पीक पिवळे पडेल. मग दोष कोणाचा? जमिनीचा? यंत्राचा?

दुधाचेही तसेच. संकलन केंद्रावर किटली न ढवळता वरचे वर दूध घेतले, तर फॅट जास्त लागते. तळाचे घेतले, तर कमी लागते. दूध तेच, म्हैस तीच, पण आकडा निराळा. म्हणून आधी ढवळायचे आणि मग नमुना घ्यायचा.

माती आणि दूध ह्यांच्या बाबतीत जे आपल्याला कळते, तेच आपल्या शरीराच्या बाबतीत आपण विसरतो.

ही गोष्ट फक्त खेड्यातली नाही, बरं का. इटली देशात पाडोवा नावाचे जुने शहर आहे. तेथील मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कोठे कोठे चुका होतात, ह्याची तेथल्याच डॉक्टरांनी मोजदाद केली. ती १९९७ साली छापून आली. शंभर चुकांतल्या ६८ चुका यंत्रावर तपासणी होण्याच्या आधीच झालेल्या होत्या. कोठे नमुना चुकीचा घेतला होता. कोठे नळी चुकीची होती. कोठे माणूसच भलता होता. दहा वर्षांनी पुन्हा मोजले. तेव्हाही शंभरातल्या ६२ चुका आधीच्याच निघाल्या.

एवढ्या शिकलेल्या देशात ही गत आहे. मग आपण किती जपले पाहिजे!

लाळ निराळी, बेडका निराळा

आता एक एक नमुना घेऊ. पहिला बेडक्याचा.

दोन आठवडे खोकला हटत नसेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर टीबीची तपासणी करतात. टीबी म्हणजे क्षय. पूर्वी लोक म्हणत, हा शाप आहे, हे पूर्वजन्मीचे पाप आहे. २४ मार्च १८८२ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात रॉबर्ट कॉख ह्या डॉक्टरांनी जगाला सांगितले, की हा रोग एका जंतूमुळे होतो. तेव्हापासून शापाची गोष्ट संपली. म्हणून आजही २४ मार्च हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळतात.

हा जंतू बहुधा फुप्फुसात राहतो. फुप्फुस छातीत खोल आहे. तोंडातली लाळ तोंडात तयार होते. म्हणून लाळेत तो जंतू सापडणे कठीण. तो सापडतो बेडक्यात. बेडका म्हणजे छातीतून खाकरून वर आलेला, घट्ट, चिकट, पांढरा-पिवळा कफ. लाळ पातळ असते, पाण्यासारखी. तिला फेस असतो.

सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहणाऱ्या माणसाला जंतू दिसायला हवा असेल, तर एक मिलिलिटर बेडक्यात ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले, तर नजरेला सापडत नाहीत. आता नवी यंत्रे आली आहेत. ती ह्याच्या पुष्कळ कमी जंतूही ओळखतात. ट्रूनॅट नावाचे असे एक यंत्र आपल्या गोव्यातील कंपनीने तयार केले. ते बॅटरीवर चालते. म्हणून लहान दवाखान्यातही ठेवता येते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरावे असे सांगितले. अभिमानाची गोष्ट आहे. पण गोव्याचे असो की विलायतेचे, लाळ घातली तर यंत्र लाळच तपासणार!

मग बेडका कसा द्यावा?

आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. तोंडात तंबाखू, पान, मिश्री, भाकरीचा कण काही राहू देऊ नका. मग घराबाहेर मोकळ्या हवेत जा. जवळ माणसे नकोत, पोरे तर मुळीच नकोत. उभे राहा. दीर्घ श्वास घ्या, क्षणभर धरा, सोडा. पुन्हा घ्या, पुन्हा सोडा. असे दोन-तीनदा करा. मग पोटापासून जोर लावून खोका. जे वर येईल ते डबी ओठांजवळ धरून अलगद आत सोडा. डबीच्या बाहेरच्या बाजूला लागू देऊ नका. चहाचा एक लहान चमचाभर तरी बेडका हवा. झाकण घट्ट लावा. हात साबणाने धुवा.

एक नमुना दवाखान्यातच देतात. दुसरा दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्याबरोबर घरी घेतात. पहाटेचाच का? रात्रभर छातीत कफ साठलेला असतो. सकाळी आडाला पाणी जास्त असते, तसेच हे.

एका घरची हकिगत

आमच्या फिरतीत एक वाडी लागते. तेथे एका म्हातारबाबांना दोन महिने खोकला होता. मुलाने त्यांना दवाखान्यात नेले. त्यांच्या हातात डबी दिली. कशी भरायची ते कोणी नीट सांगितले नाही. बाबांनीही विचारले नाही. रांगेत बायामाणसे उभी होती. त्यांच्यापुढे मोठ्याने खाकरायची बाबांना लाज वाटली. ते कोपऱ्यात गेले, तोंडातली लाळ डबीत टाकली आणि डबी देऊन आले.

चार दिवसांनी कागद आला, "जंतू आढळले नाहीत."

घरात आनंद झाला. सुनेने देवापुढे साखर ठेवली. बाबांना खोकल्याचे औषध आणून दिले. चार वर्षांचा नातू पूर्वीसारखाच रात्री आजोबांच्या कुशीत झोपू लागला.

तीन महिने गेले. बाबांच्या बरगड्या दिसू लागल्या. गावातल्या आशाताई घरी आल्या. त्यांनी तो जुना कागद पाहिला आणि एकच प्रश्न विचारला. "बाबा, डबीत काय दिलं होतं? पातळ होतं का घट्ट?"

बाबा म्हणाले, "पातळ. थुंकीच ती."

दुसऱ्या दिवशी पहाटे ताईंनी बाबांना अंगणात उभे केले. लांब श्वास घ्यायला लावले. स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूर उभ्या राहिल्या. ह्या वेळी खरा बेडका निघाला. कागद आला, "जंतू आहेत." बाबांचा औषधोपचार सुरू झाला. सहा महिन्यांनी बाबा बरे झाले. आज ते शेळ्या घेऊन रानात जातात.

पण मधले तीन महिने? ते कोण परत देणार? उपचार न घेणारा टीबीचा रोगी वर्षभरात दहा-पंधरा माणसांना जंतू देऊ शकतो. नातवाचीही तपासणी झाली. त्याला रोग झाला नव्हता. पण तो होऊ नये म्हणून सहा महिने रोज गोळी द्यावी लागली. पोर गोळी बघून रडे. आजोबा दाराआड उभे राहून डोळे पुशीत.

ह्यात खोटे कोण बोलले? कोणीच नाही. यंत्राने खरे सांगितले. डबीत जंतू नव्हतेच. पण "डबीत नाहीत" आणि "छातीत नाहीत" ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून कागद चांगला आला आणि तरी खोकला हटला नाही, तर स्वस्थ बसू नका. पुन्हा जा. डॉक्टरांना सांगा, "मागचा नमुना पातळ होता."

उपाशीपोटी म्हणजे एकादशी नव्हे

आता रक्ताकडे वळू.

साखरेच्या तपासणीला ताई सांगतात, "उद्या उपाशीपोटी या." आपल्याकडे उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आली, शेंगदाणे आले, केळे आले, चहा तर आलाच. एकादशी आणि दुप्पट खाशी! तो उपास देवाला चालत असेल. साखरेच्या तपासणीला चालत नाही.

उपाशीपोटी म्हणजे रात्री जेवल्यानंतर निदान ८ तास पोटात काही नाही. चहा नाही. बिनसाखरेचाही नाही. दूध नाही, बिस्किट नाही. तंबाखू, विडी नाही. साधे पाणी मात्र प्यावे. पाण्याने काही बिघडत नाही.

काही जण म्हणतात, "अर्धा कप चहानं काय होतंय?" होते. रक्तातील साखर वाढते. मग भल्या माणसाला मधुमेह आहे असा संशय येतो. तो घाबरतो. पुन्हा तपासणी, पुन्हा रोजगार बुडाला, पुन्हा एस.टी.चे भाडे गेले. म्हणून चहा घेतला असेल, तर लपवू नका. "ताई, चहा झाला," असे सांगा. ताई दुसऱ्या दिवशी बोलावतील. त्यात लाज कसली?

जेवणानंतरची तपासणी दोन तासांनी करतात. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे.

ज्याला आधीच मधुमेह आहे आणि जो गोळी किंवा इन्शुलिन घेतो, त्याने सकाळचे औषध घ्यायचे की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. उपाशीपोटी औषध घेतले, तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते.

नळीतले रक्त जेवत असते

एक नवलाची गोष्ट सांगतो. रक्त अंगातून बाहेर काढले, तरी ते लगेच मरत नाही. रक्तात बारीक बारीक पेशी असतात. त्या नळीतही जिवंत राहतात. जिवंत आहेत म्हणजे त्यांना भूक लागते. त्या काय खातात? रक्तातली साखर खातात.

साध्या नळीत रक्त नुसते ठेवून दिले, तर तासाला शंभरातले ५ ते ७ भाग साखर कमी होते. उन्हाळ्यात आणखी लवकर होते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असली, तर डॉक्टर मधुमेहाचा विचार करतात. समजा, एका बाईच्या रक्तात १३० साखर आहे. रक्त काढले आणि नळी दोन तास टेबलावर पडून राहिली. आता यंत्र सांगेल ११५ च्या आसपास. बाईला वाटेल, आपण वाचलो. रोग मात्र आत वाढतच राहील.

ह्याला उपाय आहे. साखरेसाठी करड्या टोपणाची नळी असते. तिच्यात फ्लोराइड नावाचे औषध आधीच घातलेले असते. ते पेशींचे खाणे बंद करते. पण त्यालाही काम करायला वेळ लागतो. म्हणून नळी लवकर पोचवणे चांगलेच.

प्रत्येक टोपणाचा रंग निराळा असतो, तो शोभेसाठी नव्हे. जांभळ्या टोपणाची नळी रक्तपेशी मोजायला. तिच्यातले औषध रक्त गोठू देत नाही. लाल टोपणाच्या नळीत रक्त मुद्दाम गोठू देतात आणि वरचे पाणी तपासतात. फिक्या निळ्या टोपणाची नळी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहायला. तिच्यात खुणेपर्यंत रक्त भरावेच लागते. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही. ह्या नळीतले रक्त त्या नळीत ओतले, की सगळा हिशेब बिघडला.

औषधाची नळी भरली, की ती आठ-दहा वेळा हलकेच खालीवर करायची. ताक घुसळल्यासारखी हलवायची नाही. जोरात हलवली, तर पेशी फुटतात. पेशींच्या आतले क्षार बाहेर सांडतात. मग कागदावर क्षार भलतेच वाढलेले दिसतात आणि डॉक्टरांना काळजी पडते. बर्फाच्या खड्याला नळी चिकटून राहिली आणि रक्त गारठून गोठले, तरी पेशी फुटतात. म्हणून नळी थंड डब्यात ठेवायची, पण बर्फाला टेकवून नाही.

ही कामे ताईंची आणि लॅबवाल्या भाऊंची आहेत. त्यांना ती शिकवलेली असतात. मग तुम्हांला का सांगतो? दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत म्हणून. पहिली, रक्त काढताना मूठ पुन्हा पुन्हा आवळू-सोडू नका. तसे केल्यानेही क्षार वाढलेले दिसतात. हात सैल ठेवा. दुसरी, घरच्या माणसाला सलाइन चालू असेल, तर त्या हातातून रक्त काढू देऊ नका. सलाइनचे पाणी रक्तात मिसळते. दुधात पाणी घातल्यावर फॅट खरे लागेल का? नम्रपणे म्हणा, "ताई, त्या हाताला सलाइन आहे, दुसऱ्या हातातून घ्या."

लघवी, शौच आणि हिवतापाची काचपट्टी

लघवीचा नमुना देताना घरची औषधाची जुनी बाटली नेऊ नका. कितीही धुतली तरी तिच्यात काहीतरी राहतेच. दवाखान्यातूनच स्वच्छ डबी मागून घ्या. जागा पाण्याने धुवा. पहिली धार सोडून द्या. मधली धार डबीत घ्या. शेवटची पुन्हा सोडून द्या. पहिल्या धारेबरोबर बाहेरची घाण येते, म्हणून ती नको. बायकांची पाळी चालू असेल किंवा अंगावरून पांढरे जात असेल, तर तसे ताईंना आधी सांगावे. संकोच करू नये. त्यांना हे रोजचेच आहे.

लघवी घेतल्यावर तासाभरात पोचवावी. का? उन्हाळ्यात दूध वर ठेवले तर काय होते, ते सांगायला नको. जंतू वाढतात आणि दूध नासते. लघवीत वाढणारा एक नेहमीचा जंतू आहे. त्याला ऊब मिळाली, तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. हिशेब करून पाहा. एका तासात एकाचे ८. दोन तासांत ६४. तीन तासांत ५१२! सकाळी घेतलेली लघवी दुपारपर्यंत एस.टी.त हेलकावत राहिली, तर निरोगी माणसालाही रोग असल्याचे दिसेल. त्याला फुकट औषधे खावी लागतील.

शौचाचा नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत घ्यावा. त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये. जमिनीवरचा उचलू नये, माती लागते. आव पडत असेल, तर नमुना ताजा ताजाच द्यावा. आवेचा जिवंत जंतू हालचाल करताना दिसला तर ओळखू येतो. नमुना शिळा झाला, की तो मरतो.

आता हिवताप. थंडी वाजून ताप आला, की बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात. हिवतापाचे औषध घेण्याच्या आधी हे रक्त द्यावे. औषध पोटात गेले, की जंतू लपतात. काचपट्टी सपाट जागी, सावलीत वाळवावी. चुलीवर धरू नये, उन्हात ठेवू नये. आणि झाकून ठेवावी. माश्या आणि मुंग्या काचपट्टीवरचे रक्त चक्क खाऊन टाकतात. मग लॅबवाले भाऊ दुर्बिणीतून काय पाहणार?

असेच दुसऱ्या औषधांचे. लघवीतला जंतू तपासायचा असेल, तर जंतुनाशक गोळ्या सुरू करण्याआधी नमुना द्यावा. गावात कोणाकडून सुई टोचून घेतली असेल, कसली गोळी खाल्ली असेल, तर डॉक्टरांना खरे सांगावे. ते तुम्हांला शिक्षा करणार नाहीत.

डबीचा प्रवास

गावचा दवाखाना लहान असतो. सगळ्या तपासण्या तेथे होत नाहीत. पुष्कळ नमुने तालुक्याला किंवा जिल्ह्याला जातात. वाट लांबची असते. रस्त्यावर खड्डे असतात. वर ऊन असते.

डबी उभी ठेवावी, आडवी नाही. झाकण दोनदा पाहावे. खिशात घालू नये, अंगाच्या उबेने नमुना खराब होतो. मोटारसायकलच्या डिकीत घालून गाडी उन्हात लावू नये. बेडक्याची डबी उन्हात ठेवली, तर जंतू मरतात, आणि नमुना नासतो. गाडी येणारच नसेल, तर थंड जागी ठेवावी. दवाखान्यातल्या शीतपेटीत ठेवणे उत्तम. आपल्या खाण्यापिण्याच्या वस्तूंबरोबर मात्र ती कधीही ठेवू नये.

कधी लॅबमधून निरोप येतो, "नमुना सांडला, पुन्हा द्या." किंवा, "नमुना कमी आहे." तेव्हा चिडू नका. रोजगार बुडतो, पाय दुखतात, हे आम्हांला कळते. पण खराब नमुना तसाच तपासून खोटा कागद देण्यापेक्षा पुन्हा मागणारी माणसे प्रामाणिक, असे समजा.

आता तुमचे काम

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी आहे. ती तुमच्यासाठीच राखून ठेवली होती.

एका गावात सखूबाई चार असतात. आडनावही एकच असते. कधी नवऱ्याचे नावही एकच निघते! चौघींच्या चार नळ्या एका डब्यात ठेवल्या आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, तर? एकीचा रोग दुसरीच्या नावावर जाईल. जिला औषध हवे तिला मिळणार नाही. जिला नको तिला मिळेल.

आणि रक्ताच्या गटाच्या तपासणीत अशी अदलाबदल झाली, तर जिवावर बेतेल. सगळ्यांचे रक्त लालच, पण सगळ्यांचे रक्त एकमेकांना चालत नाही. हे १९०१ साली व्हिएन्ना शहरातील कार्ल लँडस्टायनर ह्या डॉक्टरांनी दाखवून दिले. बाळंतीण बाईला रक्त चढवायचे आहे आणि नळीवर भलतीचे नाव आहे, ह्याचा विचार करा. अंगावर काटा येतो.

ह्याला उपाय कोणता? मोठे यंत्र नको, पैसा नको. उपाय एकच. चिठ्ठी वाचा!

आजवर तुम्ही नळीवरची अक्षरे नुसती पाहत होता. आता तुम्हांला ती वाचता येतात. रक्त काढून झाले, की उठण्यापूर्वी म्हणा, "ताई, नळी दाखवा. माझं नाव वाचतो." आपले नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव, वय, गाव. सगळे बरोबर आहे का पाहा. तारीख पाहा. नाव डबीच्या अंगावर असावे, झाकणावर नव्हे. झाकणे काढली की इकडची तिकडे जातात. रिकाम्या नळीवर आधीच चिठ्ठी लावून ठेवणेही बरे नाही. रक्त भरल्यावर तुमच्यासमोरच ती लावलेली चांगली. नाव इंग्रजीत लिहिले असेल, तर ताईंना मोठ्याने वाचायला सांगा आणि ऐका.

कोणी म्हणेल, "ताई रागावतील." चांगल्या ताई रागावत नाहीत. त्यांच्यापुढे रोज मोठी रांग असते. चार डोळे दोन डोळ्यांपेक्षा जास्त पाहतात, हे त्यांनाही माहीत असते. तुम्ही वाचलेत, तर त्यांचेही ओझे हलके होते.

आणि शेजारच्या म्हातारीला वाचता येत नसेल, तर तिचीही चिठ्ठी वाचून द्या. अक्षर शिकल्याचा ह्याहून चांगला उपयोग कोणता?

एवढे सांगून आम्ही आमचे बोलणे पुरे करतो.

हे लक्षात ठेवा

१. बेडका द्या, लाळ नको. चूळ भरून, मोकळ्या हवेत, खोल खोकून द्या.
२. उपाशीपोटी म्हणजे ८ तास काही नाही. फक्त साधे पाणी.
३. लघवीची मधली धार घ्या. तासाभरात पोचवा.
४. औषध सुरू करण्याआधी नमुना द्या. घेतले असेल तर सांगा.
५. डबी उभी, झाकण घट्ट, सावलीत.
६. चिठ्ठीवरचे नाव स्वतः वाचा.

वाचा आणि सांगा

१. म्हातारबाबांच्या पहिल्या कागदावर "जंतू आढळले नाहीत" असे का आले?
२. नळीतल्या रक्तातली साखर कशी कमी होते?
३. तीन तासांत एका जंतूचे किती जंतू होतात? हिशेब पाटीवर करून दाखवा.
४. तुमचे पूर्ण नाव, वय आणि गाव एका लहान चिठ्ठीवर लिहा. ती शेजाऱ्याला वाचायला द्या.